जुरेमाची ताडपत्री

मित्रांनो, माझ्या अंगावर एकतीस ठिगळं आहेत आणि त्यांतल्या एकाचीही मला लाज वाटत नाही. आमची जात ताडपत्रीची. जाड सुती कापड, वरून मेणाचा हात, काठाला पितळी रिंगा. एके काळी मी हिरवीगार होते. आता माझा रंग कोणता यावर पैजा लागतात. अर्धं आयुष्य मी कांद्यांवर काढलं आणि अर्धं माणसांच्या पाठींखाली. पण आमच्या लगोआ दो उंबू गावात कुणालाही विचारा, की जगज्जेती जुरेमा आयुष्यात पहिल्यांदा कुठे आपटली? शेंबडं पोरही माझ्याकडे बोट दाखवील. एवढा मान किती ताडपत्र्यांच्या वाट्याला येतो?

माझा पहिला मालक अनीझिओ. निळ्या ट्रकचा ड्रायव्हर. उंचीने दारात न मावणारा, रुंदीनेही न मावणारा, वजन एकशे बत्तीस किलो. नदीकाठच्या मळ्यांतला कांदा भरायचा आणि समुद्राकाठी रेसिफेच्या बाजारात नेऊन उतरवायचा, हा त्याचा धंदा. गोण्या रचून झाल्या की तो स्वतः ढिगावर चढायचा, मला पसरायचा आणि एकेका रिंगेतून दोरी ओवून अशी गाठ मारायचा की वारा नुसता चरफडत निघून जाई. बांधून झालं की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "चला राणीसाहेब, निघायचं!" नऊ वर्षं मी त्याच्याबरोबर फिरले. ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, पण माझ्याखालचा एक कांदा कधी भिजू दिला नाही.

मग एक दुपार अशी आली की तिची खरी हकीकत पुढची तेरा वर्षं फक्त दोघांना ठाऊक होती. एक अनीझिओला आणि एक मला.

ओसाड रस्ता होता, दोन्ही बाजूंना काटेरी रान. माझा एक कोपरा वाऱ्याने फडफडायला लागला म्हणून अनीझिओने ट्रक कडेला घेतला आणि वर चढला. बरोबर कुणी नव्हतं. त्याने पाय रोवले, दोरी मनगटाला गुंडाळली आणि सगळा भार मागे टाकून ओढली. माझ्या काठाची एक रिंग महिनाभर सैल होती. मला ते कळत होतं, पण मी सांगणार कशी? रिंग कापडासकट उपटून आली. अनीझिओ वरून जो गेला तो पाठीवर, तापलेल्या डांबरावर. खांद्याचं हाड मोडलं. दोन तास तो आभाळाकडे बघत तिथेच पडून होता. उठता येत नव्हतं आणि हाक ऐकायला कुणी नव्हतं. मी वरून लोंबकळत त्याच्याकडे बघत होते. शेवटी कसाबसा उठला, एका हाताने ट्रक चालवत गावात आला आणि घरी म्हणाला, "खांद्यावर गोणी पडली."

त्यानंतर माल बांधायला तो कधी वर चढला नाही. दुसऱ्याला चढवायचा आणि खालून आरडाओरडा करायचा. लोक म्हणाले, अनीझिओ आता साहेब झाला. मला त्याने ट्रकवरून कायमचं उतरवलं. "फाटलीय. देऊन टाका कुणाला तरी," एवढंच बायकोला म्हणाला. नऊ वर्षांची सोबत आणि निरोप असा कोरडा! मला वाईट वाटलं, पण राग नाही आला. पाडलं मीच होतं ना.

गावात तोकुमोरी नावाचे खरबुजांचे बागाईतदार होते, सगळे त्यांना सेन्सेई म्हणजे गुरुजी म्हणायचे. आईवडील जपानहून आलेले, पण ते स्वतः आमच्याच मातीत वाढलेले, बोलायला लागले की थेट गुराखीच. वजन साठ किलो, तेही काखेत खरबूज असताना. कांद्याच्या बाजारातल्या एका रिकाम्या शेडमध्ये त्यांना मुलांना ज्यूदो शिकवायचा होता. गाद्या आणायच्या कुठून? त्यांनी लाकडी चौकट ठोकली, टायरच्या दुकानातला रबराचा चुरा तीत भरला आणि वरून ताणून बांधायला ते एक जाड कापड शोधत होते. ते कापड म्हणजे मी.

आता मला शेडपर्यंत न्यायचं कुणी? माझं वजन अठ्ठेचाळीस किलो आणि अनीझिओचा हात गळ्यात बांधलेला. त्याची बारा वर्षांची मुलगी पुढे आली, तिने मला खांद्यावर टाकलं आणि भर बाजारातून चालायला लागली. शाळेतली कार्टी मागून कोकलत होती, "ट्रक आला! बाजूला व्हा, ट्रक आला!" ही जुरेमा. तेव्हाच ब्याऐंशी किलोंची. चिडवणाऱ्यांकडे तिने वळूनही पाहिलं नाही, पण माझ्या घडीत तोंड खुपसलं होतं आणि तिथे मी ओली झाले.

सेन्सेई दारातच उभे होते.

"कुठून आणलंस हे?"

"घरून."

"एकटीनं?"

"पाईन्योचा हात मोडलाय ना." बापाला ती पाईन्यो म्हणायची. आमच्या भागात सगळेच म्हणतात.

"वाटेत कितीदा खाली टेकवलंस?"

जुरेमा गोंधळली. "टेकवायचं होतं का?"

सेन्सेई पोट धरून हसले. "उद्या चार वाजता ये. आईला म्हणावं, नखं कापून पाठव."

मित्रांनो, शेडमधला पहिला दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुलं रांगेत आली, चपला बाहेर काढल्या आणि माझ्यावर पाऊल ठेवण्याआधी माझ्यापुढे वाकली. माझ्यापुढे! मी आजूबाजूला बघितलं, कुणी मोठा माणूस आला की काय. ज्यूदोची रीतच ती. जन्मभर कांद्यांवर लोळलेल्या फाटक्या ताडपत्रीला कुणी नमस्कार केला तर तिला काय वाटत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

महिनाभर सेन्सेईंनी जुरेमाला कुणाला पाडायला शिकवलंच नाही. पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल आणि हात लांब करून माझ्यावर सणसणीत थाप. "तू कुणाला पाडशील तेव्हा त्याचं काय होतं हे तुला आधी कळू दे," ते म्हणायचे. दिवसाला शंभर वेळा ती पोर माझ्यावर पडायची आणि शंभर वेळा उठायची. तिच्या मापाचा अंगरखा गावात मिळत नव्हता म्हणून तिच्या आईने, नेउसाने, दोन अंगरखे उसवून एक शिवला. माझी ठिगळंही नेउसाच्याच हातची. पहिलं ठिगळ तिने उपटलेल्या रिंगेच्या जागी लावलं.

माणसं पडून पडून मी सैल व्हायचे. मग दर सोमवारी दोऱ्या आवळायला अनीझिओ यायचा, खांदा बरा झाल्यापासून अगदी न चुकता. आधी माझ्या सगळ्या काठावरून हात फिरवायचा, एकेक रिंग चाचपायचा आणि त्या पहिल्या ठिगळापाशी जरा थांबायचा. मग आवळायचा. पण सगळं चौकटीच्या बाहेरून, पायात चपला ठेवून. माझ्यावर त्याने एकदाही पाऊल टाकलं नाही.

दोन वर्षांत जुरेमाने शेडमधल्या सगळ्यांना उताणं केलं, सेन्सेईंना धरून. आता तिच्याशी झोंबायचं कुणी? गावातली बाकीची पोरं चाळीस किलोंची. तिने जोरात श्वास सोडला तरी बाजूला होणारी. तेव्हा सेन्सेई हमालांच्या अड्ड्यावर गेले. हमालांचा मुकादम किरीनो, मान अशी की वर दोन गोण्या ठेवून तो रस्त्यातल्या बायकांशी गप्पा मारायचा.

"किरीनो, दुपारी तासभर ये. पोरीला सराव हवाय."

"सेन्सेई, मी रोज तीनशे गोण्या उचलतो. पोरगी रडली तर बोल मला लावायचा नाही."

आला, वाकला, उभा राहिला. जुरेमाने त्याची बाही धरली, एक पाऊल पुढे टाकलं, बाहेरची टांग मारली आणि फट्ट! किरीनो माझ्यावर चीतपट. छपराकडे बघत म्हणाला, "पाय घसरला." पुन्हा उठला. पुन्हा फट्ट. "आज जेवण जड झालंय." तिसऱ्यांदा पडल्यावर मात्र तो बराच वेळ उठला नाही आणि मग दाराकडे तोंड करून ओरडला, "अरे या रे सगळे! मी एकट्यानंच का मार खायचा?"

आणि आले की! रोज दुपारी माल उतरवून झाला की आठ-दहा हमाल चपला काढून माझ्यापुढे वाकायचे आणि एका शाळकरी मुलीच्या हातून आपटून घ्यायचे. सुरुवातीला लाजायचे. मग त्याचीच फुशारकी झाली. "मला काल अकरा वेळा पाडलं." "तुला नुसतं पाडलं, मला तर उचलून टाकलं!" न्हाव्याच्या दुकानात याच गप्पा. तिला ट्रक म्हणून चिडवणारी कार्टीही रांगेत उभी राहिली. ट्रक हे नाव राहिलंच, पण आता ते हाक मारायचं नाव झालं. माझ्या अंगावर ठिगळं वाढत होती आणि मी फुगत होते.

सोळाव्या वर्षी जुरेमा राज्याच्या स्पर्धेला रेसिफेला गेली आणि हरून आली. समोरची मुलगी एकशे तीस किलोंची होती. तिने काही डाव केला नाही, नुसती अंगावर रेलली आणि जुरेमाचे गुडघे वाकले. एवढा भार तिने कधी पेललाच नव्हता. परतल्यावर ती माझ्या मधोमध बसून राहिली. सोमवार होता. अनीझिओ बाहेरून दोऱ्या आवळत होता.

"पाईन्यो," ती म्हणाली, "मला तुमच्याएवढं माणूस हवंय. या ना एकदा. हळूच पाडीन."

अनीझिओच्या हातातली दोरी थांबली. मग तो मोठ्याने हसला. "मी पडलो तर शेडचं तळं होईल! पाणी भरून बदकं सोडावी लागतील." सगळे हमाल खिदळले. तो म्हणाला, "माझं काम दोऱ्यांचं," आणि शेवटची गाठ मारून निघून गेला. ती गाठ मारताना त्याची दोरी दोनदा चुकली, ते मला कळलं. दुसऱ्या कुणालाही कळलं नाही.

तो गेल्यावर जुरेमा किरीनोला म्हणाली, "त्यांना माझी लाज वाटते, काका. अख्खा बाजार येतो. तेवढे ते येत नाहीत."

"छट्! तुझा बाप आहे तो."

"म्हणूनच."

मित्रांनो, तेव्हा मला तोंड असतं तर! लाज नाही गं पोरी, भीती आहे, असं मी ओरडून सांगितलं असतं. पण ताडपत्रीने फडफडायचं, एवढंच तिच्या हाती. आणि मी तर चारी बाजूंनी आवळलेली.

किरीनोने मात्र डोकं लढवलं. दुसऱ्या दिवशी तो वीस-वीस किलोंच्या दोन गोण्या पाठीला बांधून हजर. "घे! आता मी एकशे तीसचा." डोकं लढवणारा हमाल, त्यामुळे गोण्या अर्थातच कांद्यांच्या. जुरेमाने त्याला पाडलं आणि चाळीस किलो कांदे एका दणक्यात ठेचले गेले. सगळ्या शेडच्या डोळ्यांतून धारा. सेन्सेई नाक पुसत ओरडत होते, "पुढचा डाव! रडत रडत करा, पण करा!" माझ्या अंगाला आठवडाभर असा वास येत होता की नमस्काराला वाकणारा प्रत्येक जण डोळे पुसत सरळ व्हायचा. नंतर गोण्यांत रबराचा चुरा भरायला लागले. पण त्या कांद्यांनी काम केलं. पुढच्या वर्षी त्याच मुलीला जुरेमाने अर्ध्या मिनिटात आडवं केलं.

अठराव्या वर्षी दक्षिणेकडच्या एका मोठ्या क्लबने तिला बोलावलं. निघायच्या दिवशी ती एकटीच शेडमध्ये आली, गुडघे टेकले आणि माझ्यावर कपाळ ठेवलं. बाहेर अनीझिओ पेटी घेऊन उभा होता.

"आशीर्वाद, पाईन्यो."

"देव तुझं भलं करो," तो म्हणाला. आमच्याकडे कुठलंही पोर घर सोडताना हे मागतं आणि कुठलाही बाप हे देतो. पण ते देताना त्याची नजर तिच्यावर नव्हती, माझ्यावर होती.

पुढचं मी ऐकून सांगते. जुरेमा देशाच्या संघात गेली. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, लोक म्हणाले संपली, ती म्हणाली अजून नाही. बाविसाव्या वर्षी जागतिक स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळवलं. भोंगा लावलेली गाडी दिवसभर गावात फिरत होती, "आपली ट्रक! आपली जुरेमा!" मक्याचा वाफवलेला कुसकुस विकणाऱ्या बाईने सगळ्यांत मोठ्या थाळीला तिचं नाव दिलं. वर दोन अंडी आणि बकऱ्याचं मटण. ती थाळी एकट्याने संपवणाऱ्याचा फोटो भिंतीवर लागायचा.

त्याच कौतुकात शेडला नव्या गाद्या आल्या. निळ्या, गुळगुळीत, एकमेकींत अडकणाऱ्या. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलांची कोपरं सोलायची थांबली, हे चांगलंच झालं. पण मला गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं. उंदरांनी माझ्यात संसार थाटला. मग कुणीतरी बाहेर ओढलं आणि बाजाराच्या आवारात पुन्हा कांद्यांवर टाकलं. नव्या गाद्यांना दोऱ्या नव्हत्या. त्यामुळे सोमवारी अनीझिओलाही काही काम उरलं नाही. तरी तो बाजारात यायचा, माझ्याजवळच्या दगडावर बसायचा आणि माझा काठ हातात घेऊन उगाच चाचपत राहायचा. आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो.

तीन वर्षांनी तो शनिवार उजाडला. जागतिक स्पर्धेची अंतिम लढत. जगाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ती लढत होती, तिकडे संध्याकाळ होती, आमच्याकडे सकाळचे सात. अख्खा बाजार थांबलेला. टीव्ही सगळ्यांना दिसावा म्हणून किरीनोने तो कांद्यांच्या ढिगावर ठेवला, म्हणजे माझ्यावर. त्यामुळे मला पडदा दिसेना. मला दिसली ती फक्त माणसांची तोंडं. पण मी सांगते, लढत मीच सगळ्यांत नीट पाहिली.

सेन्सेई आता म्हातारे झालेले, ओठ मिटून बसले होते. नेउसाने डोक्याच्या रुमालाचं टोक दातांत धरलं होतं. किरीनो पडद्याशी भांडत होता. "बाही धर! बाही! अगं मला कसं धरायचीस, तसं धर! रेलली बघ ती अंगावर... पेल, पोरी, पेल! कांदे आठव!" अनीझिओ सगळ्यांच्या मागे उभा होता, माझ्या दोरीचं टोक मुठीत धरून. एकदम ती दोरी ताणली गेली. सगळी तोंडं उघडी पडली आणि आवाजच येईना. मग सेन्सेई उभे राहिले, पाठ ताठ करून, आणि एकच शब्द बोलले. "इप्पोन." म्हणजे चीतपट. म्हणजे संपलं. जगातली सगळ्यांत जबरदस्त बाई आता आमच्या गावची होती. किरीनो रडत होता आणि शपथेवर सांगत होता की कांद्यांमुळे डोळे चुरचुरताहेत.

जिंकून आलेल्याला आगीच्या बंबावर उभं करून मिरवायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्या गावाला बंब नाही. आग लागली तर आम्ही बादल्या घेऊन पळतो. पण नगराध्यक्षांनी नव्वद किलोमीटरवरून लाल बंब मागवला. फटाके, अकॉर्डियन, ढोल, कातडी टोप्या घातलेले घोडेस्वार. बंब बाजारात शिरला तेव्हा वर जुरेमा उभी होती, गळ्यात सोन्याचं पदक आणि बघणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक. "ट्रक! ट्रक!" गाव ओरडत होतं. ज्या रस्त्याने मला खांद्यावर घेऊन ती रडत गेली होती, तोच रस्ता. मित्रांनो, माझं कापड जुनं आहे, नाहीतर त्या दिवशी मी अभिमानाने फाटलेच असते.

मधल्या चौकात लाकडी चौथरा बांधून त्यावर निळ्या गाद्या मांडल्या होत्या. नगराध्यक्षांनी भाषणाचा कागद काढला. जुरेमा बंबावरून कांद्यांच्या ढिगाकडे बघत होती.

"किरीनोकाका, ती माझी ताडपत्री आहे का?"

"तीच! कांदे झाकलेत."

"आणा तिला."

"बाई, नव्या गाद्या मुद्दाम धुऊन ठेवल्यात," नगराध्यक्ष म्हणाले.

"छान आहेत, साहेब. राहू देत खाली. पण मला पडायला शिकवलं ते हिनं."

सहा हमालांनी मला ओढून काढलं. नेउसाने रुमालाने माझ्यावरची सालं झटकली. मला गाद्यांवर पसरलं आणि मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बांधणार कोण? अनीझिओ गर्दीतून पुढे आला. त्याने माझ्या काठावरून हात फिरवला, एकेक रिंग चाचपली आणि चौथऱ्याभोवती फिरत दोऱ्या आवळल्या. बाहेरून. चपला घालून.

मग लागली रांग. पूर्वी जुरेमाने पाडलेल्या प्रत्येकाला आता जगज्जेतीकडून पडायचं होतं. किरीनो पहिला. "पाय घसरला!" तो पडल्या पडल्या ओरडला आणि चौक हसून लोटपोट झाला. नगराध्यक्षांनीही बूट काढले. मोज्याला भोक होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. ते पडले, तेव्हा भाषणाचा कागद हवेत उडाला आणि कुणाच्या हाती लागला नाही. त्याबद्दल देवाचे आभार.

शेवटचा माणूस उठून गेला तेव्हा जुरेमा काठाशी आली. अनीझिओ माझ्या पहिल्या ठिगळापाशी गुडघे टेकून बसला होता. ती त्याच्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाईन्यो, तुम्हाला माझी लाज वाटते का?"

त्याच्या हातातून दोरी सुटली. "लाज? कोण म्हणतं?"

"तेरा वर्षांत तुम्ही हिच्यावर पाय ठेवला नाहीत. आजही नाही."

अनीझिओने ठिगळावर हात ठेवला. मग म्हणाला, "तेव्हा गोणी पडली नव्हती, पोरी. मीच पडलो होतो. इथली रिंग निघाली आणि वरून खाली गेलो. दोन तास पालथं होता येईना. त्या दिवसापासून मला पडायची भीती वाटते. एवढं धूड, आणि पडायला घाबरतं. सांगणार कुणाला? तू दिवसाला शंभरदा पडायचीस आणि मी बाहेर उभा राहून तुझ्याकडे बघायचो. मला तुझी लाज नव्हती गं. माझीच होती."

किरीनो जवळच होता. त्याने सगळं ऐकलं आणि पुढे सरकणाऱ्या गर्दीला दोन्ही हातांनी मागे रेटलं.

जुरेमाने डोळे पुसले, पदक काढून आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चपला काढा."

तिने त्याला माझ्यापुढे वाकायला लावलं. मग माझ्यावर उभं केलं. त्याची पावलं थंडगार होती, भर उन्हात. "हनुवटी छातीला. पाठ गोल. हात असा लांब, आणि जोरात थाप," ती सांगत होती, सेन्सेईंनी सांगितलं होतं तसंच. एकदा बसून करवलं, दोनदा करवलं.

मग दोघं समोरासमोर उभे राहिले. तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"आशीर्वाद, पाईन्यो."

"देव तुझं भलं करो." त्याने हनुवटी छातीला लावली. "हं. आता पाड."

एक पाऊल, बाहेरची टांग, आणि एकशे बत्तीस किलो हवेत. पण बाही तिने सोडली नाही. दोन्ही हातांनी शेवटपर्यंत धरून ठेवली आणि त्याला माझ्यावर असं उतरवलं की त्याचं डोकं टेकलंसुद्धा नाही. मी सगळ्या रिंगांनिशी ताणले गेले. एकही सुटली नाही. त्याचा हात माझ्यावर पडला, फट्ट! तेरा वर्षांपूर्वी मी त्याला सोडलं होतं. त्या दिवशी मी त्याला झेललं.

अनीझिओ पाठीवर पडून आभाळाकडे बघत होता. हलेना. "लागलं की काय?" नगराध्यक्ष कुजबुजले. तेवढ्यात त्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता, लहान पोरासारखा, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"अजून एकदा," तो म्हणाला.

सात वेळा पडला. गावात आजवर एवढा मोठा सत्कार कुणाचा झाला नाही.

मित्रांनो, आता मी पुन्हा शेडमध्ये आहे. निळ्या गाद्या एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला, आमचं बरं जमतं. नव्या मुलांचा पडायचा पहिला धडा माझ्यावरच होतो. तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं जुनं कापड, जुनी दोरी पडलेली असेल. तिला वापरा, राबवून घ्या, आम्हाला तेच आवडतं. पण भार टाकण्याआधी तिच्या काठावरून एकदा हात फिरवा, कारण सैल झालेलं आम्हाला सांगता येत नाही. तुमच्यातल्याही काही जणांना सांगता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कुणी तुमच्या खेळाच्या काठावर वर्षानुवर्षं नुसतं उभं असेल, तर त्याला आत बोलवा, आणि नाही म्हणाला तर पुन्हा विचारा.

सोमवारी अनीझिओ अजून येतो. आधी चपला काढतो, वाकतो, आणि मग आत येऊन दोऱ्या आवळतो.